संशोधन आमच्यावर, पेपर तुमचा: गावानं अटी काय घालाव्या?

वावरकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, हजारभर वस्ती, जवळपास सगळं कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन. परवा एका विद्यापीठाचं पत्र ग्रामपंचायतीत आलं. फवारणीची औषधं आणि पिण्याचं पाणी यांवर त्यांना अभ्यास करायचाय. विहिरींचं, हापशीचं पाणी नेणार, फवारणी करणाऱ्या गड्यांचं रक्त-लघवी तपासणार, घरोघरी प्रश्नावली भरणार. विषय महत्त्वाचाच आहे. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, ते इथं कोणाला नव्यानं सांगायला नको.

तरी ग्रामसभेत तोंडं वाकडी झाली. आधीही लोक आले होते. कोणी माती नेली, कोणी पाणी, कोणी बायांचं हिमोग्लोबिन मोजून नेलं. एका मुलीनं तर म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून नेल्या. परत कागदाचा कपटाही आला नाही. गावात वाचनालय मी चालवतो म्हणून सरपंचबाईंनी काम लावलं, अटी लिहून आणा. सभा पंधरा दिवसांवर आहे.

माझं मत असं: नाही म्हणू नये, पण आंधळेपणानं होही म्हणू नये. पैशाचं बोलत नाही मी. निकाल आधी गावात वाचला जावा, मग छापावा. बोला.

उगाच_एक
अट क्रमांक एक: येताना प्रोफेसरांनी पाण्याची बाटली आणू नये. ज्या विहिरीचा नमुना घ्यायचा तिचंच पाणी प्यावं.

वावरकर
😄 मंजूर. आता कामाचं बोला.

आशाताई_पोटेगाव_रोड
भाऊ, मी आशा आहे, गडचिरोली जिल्ह्यात. "परत काही येत नाही" हे सरसकट बोलू नका. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की मी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. बाळाचं वजन घेते, ताप पाहते, दूध ओढते का, अंग गार पडलं का ते पाहते. हे दिल्लीत बसून कोणी नाही काढलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आमच्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून हे करून पाहिलं आणि दुसऱ्या ४७ गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. माझ्या पिशवीतला वजनकाटा त्या पेपरातूनच आलाय म्हणा ना.

वावरकर
ताई, उदाहरण पटलं. पण देशभरच्या आशांकडे ते काम गेलं २०११ ला. मधली बारा वर्षं? आणि बंग दांपत्य तिथंच राहतं. निकाल घेऊन त्यांना परत यावं लागत नाही, ते गेलेलेच नसतात. आमच्याकडं येणारे संध्याकाळच्या एसटीनं परतणारे.

कुमुद_मास्तरीण
बंगांचा विषय निघाला म्हणून सांगते. त्यांचा १९८९ चाही एक पेपर आहे, तोही लॅन्सेटमधलाच. दोन गावं, ६५० बाया. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास निघाला, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी आरोग्य म्हणजे बाईचं बाळंतपण आणि तिचं ऑपरेशन, एवढंच. अंगावर जाणं, कंबर दुखणं हे बाईच्या जातीला लागलेलंच, असं माझी आजीसुद्धा म्हणायची. कोणी मोजलं तेव्हा कळलं की हा रोग आहे. म्हणून मी संशोधनाला दार लावा म्हणणाऱ्यांच्या बाजूला नाही.

पीएचडी_चालू
मी त्या "संध्याकाळच्या एसटीनं परतणाऱ्यां"पैकी. विषय वेगळा आहे, भूजल. आमचीही बाजू ऐका. नमुना घेतल्यापासून पेपर छापून यायला दीड-दोन वर्षं सहज जातात. गाईड बदलतो, यंत्र बंद पडतं, फेलोशिप सहा-सहा महिने अडकते. गावात जाऊन निकाल सांगितला तर प्रबंधात त्याचे गुण नाहीत, नोकरीच्या मुलाखतीत तो प्रश्न नाही. तुमच्याकडे परत यायचं भाडं माझ्या खिशातून जातं. मी जातो, पण सगळे जात नाहीत, आणि मला त्यांचा राग येत नाही.

वावरकर, तुमच्या मुख्य अटीला मात्र माझा विरोध आहे. "आधी गावात वाचा, मग छापा" म्हणजे गावाला आवडला नाही तर छापायचा नाही का? उद्या निघालं की पाटलाच्या विहिरीतच सगळ्यात जास्त औषध उतरलंय, तर सभेत काय होईल? आणि रक्ताचे निकाल सभेत वाचणार? हजार वस्तीच्या गावात नाव झाकलं तरी अर्ध्या तासात कळतं कोणाचं ते.

पीएचसीवाला
शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. सिकलसेलमध्ये, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजारात, हे रोज पाहतो. तपासणी सोपी आहे, गेल्या काही वर्षांत ती खूप वाढली. २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार हटवायचं लक्ष्य. वाहक, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला; वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी तपासा म्हणतो. पण गावात तपासणीचं कार्ड कोणीतरी पाहतं, आणि निव्वळ वाहक असलेल्या पोरीचं जमलेलं लग्न मोडतं. पोराचं क्वचित मोडतं, हेही लिहून ठेवतो. त्यामुळे मुली कार्ड लपवतात, मग नातेवाईकच म्हणतात तपासू नका.

तेव्हा माणसाचा निकाल माणसाला, बंद पाकिटात, समजावून. गावाचा एकत्रित निकाल सभेत. ही सरमिसळ होऊ देऊ नका.

(अवांतर: २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत सिकलसेलवर क्रिस्परचं, म्हणजे जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राचं, औषध मंजूर झालं. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यात बदल करून परत सोडतात. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आमच्याकडे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या महिनाभर न चुकता मिळाल्या की तो महिना चांगला.)

पऱ्हाटीवाला
राजेहो, संशोधन पोचत नाई असं कोन म्हन्ते? पोचते. पन कृषी केंद्राच्या दुकानातून पोचते. दुकानदार जे पुडकं हातात देईन थेच आमचं संशोधन. उधारी त्याच्याचकडे हाये, नाई कसं म्हनू त्याले?

२००२ ले बीटी, म्हनजे अळी मारनारं जनुक घातलेलं कपाशीचं बियानं, आलं, २००६ ले दोन जनुकांवालं आलं. पयले पयले झकास. हिरवी अळी पळाली, फवारे कमी झाले. मग गुलाबी बोंडअळी पचवाले शिकली. तिचं खानं म्हनजे कपाशीच, दुसरं तिले चालत नाई. २०१७ ले बोंडं फोडून पाह्यली तं आत अळी अन् सडका कापूस. आता शास्त्रज्ञ म्हन्तेत फरदड, म्हनजे हंगाम सरल्यावरबी तेच झाड ठेवून घेतलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबरात वावर रिकामं करा, पतंग पकडाचे कामगंध सापळे लावा, अळी लागून मिटलेल्या डोमकळ्या तोडा. म्या कव्हा म्हटलं चूक हाये म्हून? बरोबरच हाये. पन जानेवारीत झाडाले बोंडं हायेत, भाव चढून रायला, अन् सोसायटीचं कर्ज डोक्यावर. त्या टायमाले फरदड कोन उपटते थे दाखवा मले.

धंतोली_कट्टा
@पऱ्हाटीवाला, याच विषयावर २०२० साली नेचर प्लांट्समध्ये लेख आला होता. लेखकांपैकी एक केशव क्रांती, आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक, दुसरे अमेरिकेतले ग्लेन स्टोन. देशभरची वीस वर्षांची आकडेवारी मांडून त्यांनी म्हटलं की उत्पादनातली वाढ जेवढी बीटीच्या नावावर लावली जाते तेवढी त्याची नाही, खतांचा वापरही त्याच काळात वाढला होता. आणि पुढं कीटकनाशकांवरचा खर्च परत चढला. यावर उलट मत असलेले अभ्यासकही आहेत, वाद मिटलेला नाही. पण शेतकरी म्हणून तुम्हाला जे जाणवलं ते आकड्यांतही दिसतं.

पऱ्हाटीवाला
वा! म्हनजे आमाले माहीतच होतं थे इंग्रजीत छापून आलं. आता पेपर माह्या सोसायटीवाल्याले दाखवतो, कर्ज माफ होईन.

मास्तर_निवृत्त
टोमणा कळला, पण फरदडीचा मुद्दा एकट्याचा नाहीच. मी उपटली आणि शेजाऱ्यानं ठेवली तर अळी धुरा ओलांडून येणारच. अळीच्या पतंगांच्या मीलनात अडथळा आणणाऱ्या त्या दोऱ्या, पीबी नॉट म्हणतात बहुतेक, त्यांचंही तसंच. सलग मोठ्या क्षेत्रावर बांधल्या तर उपयोग. म्हणजे संशोधन एकेका शेतकऱ्याला सांगून चालत नाही, ते ग्रामसभेतच सांगावं लागतं. वावरकरांच्या बाजूनं हा एक मुद्दा झाला.

झाडीबोल्या
सगळे अळी अन् रक्तावरच बोलून राह्यले. त्या ओव्यांचं काय? साकोलीकडं माझ्या आतेचीही गाणी कोणी पीएचडीसाठी रेकॉर्ड केली होती. आत्या गेली. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर असेल, आवाज कुठं आहे? आम्हाला आवाज पायजे होता.

उलट चांगलं उदाहरणही आहे. डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, गावोगावच्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि संकेतस्थळावर फुकट ठेवलं. मोबाईलवर ऐकता येतं. गावातल्या म्हाताऱ्याला ऐकवून पाहा, आधी हसतो, मग म्हणतो "हा अमक्या गावचा दिसते".

कुमुद_मास्तरीण
झाडीबोल्या, गावोगाव फिरून माहिती गोळा करणं आपल्याकडे तेराव्या शतकापासून आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून, आठवणी विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. तेही आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, भाषेला २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. तिथल्या मुलांनी पहिला प्रकल्प आसपासच्या गावांसोबत करावा आणि गावाला वाचून दाखवावा, एवढीच इच्छा.

उगाच_एक
पण चक्रधरांच्याच महानुभाव पंथानं नंतर पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत बंद केल्या, पार विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडा करेपर्यंत. म्हणजे पेवॉलची, पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या कुलपाची, परंपरासुद्धा आपल्या मराठीत जुनीच 😂

झाडीबोल्या
मेलो 😂😂

पीएचडी_चालू
पेवॉलवरून आठवलं. २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं. सरकारी विद्यापीठं-संस्थांतल्या लोकांना वाचता येतं. वावरकरांच्या वाचनालयाला नाही. ज्या गावाच्या पाण्यावर पेपर निघाला त्या गावाला तो उघडायचा म्हटलं तर दोन-तीन हजार रुपये मागतात.

नवखा_२४
एआयला सांगा ना, मराठीत सारांश काढून देईल. एवढं काय.

पऱ्हाटीवाला
बाबू, पयले पेपर हाती तं येऊ दे. अन् सारांशात आकडा चुकला, म्या त्या भरवशावर फवारा मारला, तं कोनाले धरू? एआयचं घर कोन्या गावी हाये?

टिपेश्वरचा_शेजारी
थोडं विषयांतर करतो. २०१९ ला आमच्या टिपेश्वर अभयारण्याचा वॉकर नावाचा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. तेलंगणातून मराठवाडा करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत, १,३०० किलोमीटर. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञांना त्याची एकेक हालचाल कळत होती. संशोधन फार मोलाचं, वाघ शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडून कसा जातो ते पहिल्यांदा इतकं नीट कळलं. पण ज्यांच्या तुरीतून तो गेला त्यांना तो गेल्यावर कळलं. वाघाची जागा आधी जाहीर केली तर शिकारी टपलेले असतात, हेही खरं. सोपं उत्तर नाही.

उगाच_एक
जोडीदारीण शोधायला १,३०० किलोमीटर फिरला आणि तरी मिळाली नाही. आमच्या गावातल्या शेतकरी पोरांची पण हीच स्टोरी, फक्त कॉलर नाही.

वावरकर
गावातली चाळीस पोरं हे वाचून मला शिव्या देतील. पुढं चला.

लोणारकर
आमच्याकडे उलटा अनुभव. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा कोणी म्हणे प्रलय, कोणी म्हणे चमत्कार. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. पातळी वाढल्यावर रंग गेला. हे लगेच वर्तमानपत्रांत मराठीत आलं म्हणून चार लोकांना तरी कळलं. पण याच सरोवराचं वय आधी ५० हजार वर्षं सांगायचे, २०११ च्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते पावणेसहा लाखाच्या घरात गेलं. ते आमच्या गाईड लोकांपर्यंत अजून पोचलेलं नाही. रंग बदलला की पत्रकार येतात, वय बदललं तर कोणी येत नाही.

जिनिंगवाला
उद्योगाचंही तेच. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांपासून पार्टिकल बोर्ड बनतो हे मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेनं कधीच करून दाखवलं. तिचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरातच आहे. तरी आमच्याकडं पऱ्हाटी चुलीत नाहीतर धुऱ्यावर जळते. काड्या गोळा करून, बारीक करून, कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च कोण करणार, तिथं गाडी अडते. शास्त्रज्ञाचं काम तिथं संपलेलं असतं.

वकीलीण_घाटंजी
आता वावरकरांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ का? सभा जवळ आली असेल.

माणसांवरच्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यामुळे बऱ्याच गोष्टी मागायला लाजायचं कारण नाही, त्या देणं त्यांचं कामच आहे. आधी एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीची प्रत मागा. माहितीपत्रक मराठीत हवं आणि ते प्रत्येकाला वाचून दाखवून, प्रश्न विचारू देऊन मग सही किंवा अंगठा. मधेच कोणाला बाहेर पडायचं असेल तर कारण न देता पडता आलं पाहिजे. सरपंचांनी हो म्हटलं म्हणजे गावातल्या प्रत्येकानं हो म्हटलं असं होत नाही, हे सभेत ठासून सांगा. रक्त उरलं तर पुढं कशाला वापरणार, की नष्ट करणार, ते लेखी घ्या.

छापण्याआधी गावाची परवानगी ही अट घालू नका. पीएचडी_चालू यांचं तिथं बरोबर आहे, कोणताही सच्चा संशोधक ती मानणार नाही. त्याऐवजी छापण्याआधी गावाला *सांगणं* बंधनकारक करा, आणि गावाचं वेगळं म्हणणं असेल तर ते अहवालाला जोडावं.

पीएचसीवाला
यात एक भर. धोक्याचं काही निघालं तर पेपरची वाट पाहायची नाही. आपल्या जिल्ह्यात काही भागांत फ्लोराइडचा त्रास आहेच. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर त्या हापशीवर दुसऱ्या दिवशी लाल पट्टा मारला पाहिजे. ते उकळून जात नाही, बायका पाणी उकळत बसतात. नायट्रेटचंही तसंच, ४५ च्या वर असेल तर तान्ह्या बाळाला ते पाणी नको. प्रत्येक विहिरीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एवढं मागा. पाण्यात कोणाचं खासगी काही नसतं, पाटलाची विहीर असली तरी.

मास्तर_निवृत्त
आणि गावातून दोन पोरं त्यांच्यासोबत नमुने घ्यायला द्या, मजुरी देऊन. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा ऐकली असेल, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारी. त्यांचा अभ्यासगट कैक वर्षांचा, बाहेरचा माणूस आला की तोही गटात बसतो, निर्णय सर्वसहमतीनं सभा घेते. वाचनालय आहेच तुमच्याकडं, अभ्यासगट तिथंच बसवा.

वावरकर
मंडळी, सभा झाली. भांडण झालं, पण जमलं. विद्यापीठाच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. मराठी माहितीपत्रक, वेगवेगळी पाकिटं, विहिरींचे आकडे तीन महिन्यांत फळ्यावर, दोन पोरं मजुरीवर, हे सगळं त्यांनी मान्य केलं. उरलेले नमुने दुसऱ्या कामाला वापरायचे तर परत विचारणार, तेही लिहून दिलं. छापण्याआधी सांगतील, परवानगी मागणार नाहीत. त्यावर एक ठराव दोनदा लिहावा लागला. पाटलांनी विहिरीचा आकडा फळ्यावर नको म्हणून बराच वेळ ताणलं. शेवटी त्यांचीच सून म्हणाली, आम्हीच पितो ते पाणी, लिहू द्या. सोमवारपासून काम सुरू.

आशाताई_पोटेगाव_रोड
अभिनंदन भाऊ. पण मी पहिल्यापासून वाट पाहत होते, कोणी विचारेल म्हणून. रक्त फक्त फवारणी करणाऱ्या गड्यांचंच का घेताय? पंपात टाकायला पाणी कोण वाहतं? औषधाच्या त्या बादल्या कोण धुतं, फवाऱ्याचे कपडे हातानं कोण धुतं, फवारलेल्या वावरात निंदायला आणि वेचायला कोण जातं? त्यातल्या कितीतरी गरोदर असतात, कितीतरी अंगावर पाजणाऱ्या.

वकीलीण_घाटंजी
अगदी. हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं.

वावरकर
ताई, मॅडमना आत्ताच फोन लावतो. आता बदल करता येईल का?

पीएचडी_चालू
येईल. नमुने घ्यायला सुरुवात झाली नाही तोवर सोपं असतं, दुरुस्तीचा अर्ज एथिक्स कमिटीकडे जातो. सोमवार पुढं ढकलावा लागेल, एवढंच. वेचणीचा हंगाम सापडेल असं ठेवा म्हणावं, म्हणजे बाया वावरातच भेटतील.